प्रकल्प नोंदी: डबलसीटसाठी मागचे शॉकअप

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

गाडी दीडशे सीसीची, मागे दोन शॉकअप, प्रीलोडला (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची, त्याला) पाच खाचा, आजवर सगळं पहिल्याच खाचेवर. एकट्यासाठी गाडी ठीक आहे. आई मागे बसली की मात्र स्पीडब्रेकर उतरताना खालून 'ठक्' असा आवाज येतो आणि पाठोपाठ गाडी दोन-तीन वेळा हेलकावे खाते. आईच्या कमरेच्या मणक्यात गॅप आहे. डॉक्टरांनी फिरणं बंद केलेलं नाही, दणके टाळा एवढंच सांगितलंय. अक्कलकोट, तुळजापूर, मार्केट, दवाखाना, तिचं सगळं जाणं-येणं याच गाडीवर. तेव्हा या हिवाळ्यात मागचे शॉकअप नीट निवडायचे, आणि दुकानात जायच्या आधी मोजमापं घ्यायची.

आई साडीत असते, म्हणून एका बाजूला बसते. तिची कंबर आधीच थोडी वळलेली असते आणि खड्डा आला तर पायावर भार देऊन उठायला तिला जागाच नसते. मी फूटरेस्टवर जोर देऊन सीटवरून जरासा उठतो, तेही खड्डा दिसल्यावर. ती म्हणाली, "तुला दिसतंय रे पुढचं. मला कुठं काय दिसतंय?" शॉकअप कसे हवेत याचा निम्मा हिशेब तिच्या या बोलण्यातच आला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज सॅग मोजला. सॅग म्हणजे वजन पडल्यावर गाडी किती खाली बसते ते. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मागचं चाक अधांतरी. एक्सलच्या मध्यापासून सीटखालच्या पट्टीवर चिकटवलेल्या टेपपर्यंत ५६० मिमी. मग गाडी चाकांवर उभी केली, दोन-तीनदा दाबून सोडली आणि पुन्हा टेप लावली. धाकट्या भावाने मोजलं, कारण सीटवर बसून आपलं आपल्याला मोजता येत नाही.

गाडी रिकामी: ५४६. मी एकटा: ५२५. मी आणि आई: ४९८.

म्हणजे रिकामी गाडी १४ मिमी बसते, माझ्याने ३५, दोघांनी ६२. मागच्या चाकाची एकूण हालचाल ९० मिमी आहे. रस्त्यावरच्या गाडीला चालवणाऱ्यासकट साधारण तिसरा हिस्सा सॅग असावा असं मानतात. माझ्या एकट्यासाठी ते जमतंय. दोघं बसल्यावर मात्र खड्डा यायच्या आधीच दोन तृतीयांश हालचाल संपलेली असते. उरतात २८ मिमी. साधा स्पीडब्रेकरसुद्धा तेवढ्यात मावत नाही, म्हणून शॉकअप आतल्या रबरावर आपटतो. तो 'ठक्' हाच.

दोन्ही वेळा हवा तपासून घेतली होती. चेनकव्हरवरच्या स्टिकरवर डबलसीटसाठी मागची हवा वेगळी दिलेली असते आणि ती सकाळी, टायर थंड असताना भरायची असते. ते न पाहता शॉकअपचं माप घेण्यात अर्थ नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

सोलापूरचं, हैदराबाद रोडवरचं मार्केट यार्ड. डिसेंबर-जानेवारीत कांद्याच्या गाड्यांनी यार्ड भरलं की आत शिरायलाही जागा नसते, म्हणून आत्ताच गेलो, दुपारचे लिलाव उरकल्यावर. ओळखीच्या आडतीवर गोण्या तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. आईला पलीकडच्या दुकानातून शेंगदाणे घ्यायचेच होते, ती बरोबर होती.

काट्यावर फक्त मागचं चाक चढवलं. तोलार म्हणाले, "पुढच्या चाकाखाली पण तेवढीच फळी घाला मालक, नाहीतर वजन मागं सरकतंय." बरोबर होतं त्यांचं. फळी शोधून त्यांनीच आणली, हमालांनी गाडी दोन्ही बाजूंनी धरली, पाय वर घेऊन बसलो.

मागच्या चाकावर: रिकामी ७९ किलो, मी बसल्यावर १२९, दोघं बसल्यावर १९२. मग गाडी फिरवून पुढचं चाक काट्यावर: ६६, ९०, ९५.

हे आकडे पाहून मी बराच वेळ तिथंच उभा होतो. माझं वजन ७४ किलो, त्यातले ५० मागे जातात आणि २४ पुढे. आईचं ६८, त्यातले ६३ मागे आणि पुढे फक्त ५. मागची सीट जवळजवळ एक्सलच्या डोक्यावरच असते, त्यामुळे मागे बसणाऱ्याचा सगळा भार त्या दोन शॉकअपवर येतो. आणि पुढच्या चाकावर एकूण वजनाचा, मी एकटा असताना ४१ टक्के असणारा वाटा, ३३ टक्क्यांवर येतो. डबलसीट असताना हँडल हलकं का लागतं, रात्री समोरचे ट्रकवाले डिपर का मारतात (हेडलाईट वर उचललेला असतो), दोन्हींचं उत्तर काट्यावर मिळालं.

२४ नोव्हेंबर, रविवार

वही घेऊन बसलो. ६३ किलोने गाडी २७ मिमी खाली गेली, म्हणजे चाकापाशी दर मिलिमीटरला २.३ किलो. शॉकअप एक्सलच्या थोडे पुढे आणि तिरके लावलेले असतात. चाक ५० मिमी वर उचललं तर शॉकअप ४५ मिमी दबतो, हे जॅक लावून पाहिलं. गुणोत्तर ०.९. त्याचा वर्ग ०.८१, दोन स्प्रिंगा, म्हणून २.३३ ला १.६२ ने भागायचं. एका स्प्रिंगेचा कडकपणा १.४४ किलो प्रति मिमी आला.

आता खरा प्रश्न. कडक स्प्रिंग घातली तर आईच्या कमरेला जास्त लागेल का? घरात सगळ्यांचं हेच म्हणणं: "मऊ घे, कमरेला बरं." मलाही कालपर्यंत तेच सोयीचं वाटत होतं. पण हिशेब वेगळं सांगतो.

स्प्रिंगेवरचं वजन सेकंदाला किती हेलकावे घेतं, ते स्प्रिंग आणि वजन दोन्हींवर अवलंबून असतं. चाक, ब्रेक, चिमटा (मागचं चाक धरणारे दोन दांडे) यांचं वजन साधारण १९ किलो. ते वगळलं तर स्प्रिंगांवर मी एकटा असताना ११० किलो आणि दोघं असताना १७३ किलो असतात. आत्ताच्या स्प्रिंगेवर एकट्याचे हेलकावे सेकंदाला २.३, दोघांचे १.८. चाकापाशी ३ किलो प्रति मिमीची स्प्रिंग घातली तर दोघांचे होतात २.१. म्हणजे तीस टक्के कडक स्प्रिंगेवरही दोघांची गाडी, माझ्या एकट्याच्या आजच्या गाडीपेक्षा मऊच चालेल. कडक की मऊ, हे वजन सांगितल्याशिवाय बोलताच येत नाही.

आणि कमरेचं काय? बसलेल्या माणसाच्या मणक्याला उभ्या दिशेने सुमारे ४ ते ८ हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारे, हादरे सर्वांत जास्त बाधतात. आयएसओ २६३१ या मानकात याच पट्ट्याला सर्वाधिक महत्त्व दिलेलं आहे. दोन हर्ट्झचा संथ हेलकावा त्याच्या बराच खाली आहे. आईला दुखवतो तो हालचाल संपल्यावर रबरावर बसणारा दणका, कारण तो तीक्ष्ण असतो आणि थेट सीटमधून वर येतो. मऊ स्प्रिंग तोच दणका जवळ आणते.

३० नोव्हेंबर, शनिवार

खर्च करण्याआधी प्रीलोड पाचव्या खाचेवर. हुकपाना लावून दोन्ही बाजू सारख्या फिरवल्या.

दोघांचा सॅग ६२ वरून ४९. रिकाम्या गाडीचा १ मिमी, माझा एकट्याचा २२.

प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, ती फक्त आधीच दाबून ठेवली जाते आणि गाडी वर उचलली जाते. दर मिलिमीटरला २.३ किलो ते २.३ च. त्यामुळे आपटणं कमी झालं, थांबलं नाही. शॉकअपच्या रॉडवर ग्रीसचा पातळ थर लावून अशोक चौकापर्यंत आईला घेऊन गेलो, परत येऊन पाहिलं तर ग्रीस रबरापर्यंत पुसलेलं. आणि एकटा चालवताना उलटाच त्रास: स्पीडब्रेकरवरून उतरताना चाकाला खाली जायला जागा उरत नाही, शॉकअप वरच्या टोकाला ताणून आपटतात.

हेलकावे तर वाढले. जास्त दाबलेली स्प्रिंग जास्त जोराने परत येते, तिला आवरणारं शॉकअपच्या आतलं तेल मात्र तेवढंच, आणि तेही जुनं. डाव्या शॉकअपच्या सीलपाशी तेलकट धूळ बसलेली आहे.

८ डिसेंबर, रविवार

बाजारात काय काय मिळतं, ते पाहत आठवडा गेला.

कंपनीचे मूळ शॉकअप नवे घेणं हा सोपा मार्ग. डॅम्पिंग, म्हणजे हेलकावे आवरणारा तेलाचा प्रतिकार, नवं मिळेल, स्प्रिंग तीच राहील. ज्यांच्या मागे कधीतरीच कोणी बसतं, किंवा शाळेतलं मूल बसतं, त्यांनी हेच करावं. त्यांना पुढचं काही वाचायची गरज नाही.

दुसरं, जुन्या शॉकअपवर जाड तारेची स्प्रिंग. स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. साडेसात मिमीऐवजी आठ मिमी तार, बाकी वेढे आणि व्यास तेच ठेवले, तरी स्प्रिंग २९ टक्के कडक होते. अर्ध्या मिलिमीटरचा हा परिणाम! स्वस्त आहे, स्प्रिंगेचा आकडाही मला हवा तोच येतो. पण तेलाचं काय? वजन आणि स्प्रिंग दोन्ही वाढल्यावर हेलकावा आवरायला लागणारं डॅम्पिंग त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने वाढतं. एकटा नि जुनी स्प्रिंग, तिथून दोघं नि नवी स्प्रिंग इथवर ते ४० टक्क्यांनी जास्त लागतं. जुन्या नळीत ते नाही.

तिसरं, गॅसचे शॉकअप. तेल सतत घुसळलं जाऊन त्यात फेस होतो, आणि फेसाला दम नसतो. नायट्रोजनच्या दाबाखाली तेल फेसाळत नाही. नायट्रोजन अशासाठी की तो कोरडा असतो आणि तेलाशी काही करत नाही. आपल्याकडे पल्सरमुळे 'नायट्रॉक्स' हे नाव घरोघरी पोचलं. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो, दोघांचं वजन आणि चाळीस किलोमीटरचा रस्ता, तेव्हा गॅस ही चैन नाही. मात्र दुकानात गॅसचा डबा दिसला म्हणजे गॅस असतोच असं नाही. एका ठिकाणी डब्याचं टोपण फिरवून काढलं, खाली व्हॉल्व्हच नाही, डबा पोकळ, नळीशी जोडणारी वाटही नाही. नुसती शोभा. रंग लाल.

बुलेटवाल्यांचं बरं आहे, त्यांना वायएसएससारख्या कंपन्यांचे तयार जोड मिळतात. इंग्लंडची हॅगन तर गाडी आणि माणसांची वजनं विचारून स्प्रिंग ठरवते. वजन विचारून शॉकअप देणं हीच रीत असायला हवी. वाळूजला एन्ड्युरन्स आणि चाकणला गॅब्रिएल, म्हणजे देशातले शॉकअप बनवणारे मोठे कारखाने आपल्याच राज्यात, आणि तरी काउंटरवर स्प्रिंगेचा आकडा कोणाला सांगता येत नाही.

मोनोशॉकची (मागे एकच शॉकअप असलेली) गाडीच घ्या, असंही एकाने सुचवलं. होंडाची युनिकॉर्न २००४ मध्ये आली तेव्हापासून साध्या रोजच्या गाड्यांतही तो प्रकार आहे. चांगला आहे, पण मागे बसणाऱ्याचं वजन त्यालाही तेवढंच उचलावं लागतं.

१४ डिसेंबर, शनिवार

दत्तजयंती. अक्कलकोटला एसटीने गेलो.

२१ डिसेंबर, शनिवार

अक्कलकोट रोड एमआयडीसीत ज्या चाचांकडे मी गाडीचं काम करतो, त्यांच्या ओळखीने गॅसचे दोन जोड पाहायला मिळाले, दोन्हींना खालच्या डोळ्यापाशी (बोल्टच्या कडीपाशी) रिबाउंडची, म्हणजे दबलेला शॉकअप किती वेगाने परत ताणला जावा ते ठरवणारी, चकती. एक जोड ३४० मिमी लांब, दुसरा माझ्या जुन्याइतकाच, ३३०. लांब जोड दिसायला रुबाबदार, पण नको. दहा मिमी लांबीने मागचं चाक ११ मिमी जास्त खाली लोंबतं, मधल्या स्टँडवर ते जमिनीला टेकेल. मागची बाजू उचलली गेली की हँडलही जास्त चपळ होतं, आणि आईला घेऊन चालवताना मला चपळपणा नकोच आहे.

३३० वाल्याची स्प्रिंग किती कडक, हे विकणाऱ्याला माहीत नव्हतं. म्हणून शेजारच्या लेथवाल्याकडचा हातप्रेस घेतला, खाली वजनकाटा ठेवला, स्प्रिंग काढून त्यावर उभी केली. पाच मिमी दाबून काटा शून्यावर आणला आणि तिथून पुढे वीस मिमी. काटा ३७ वर थांबला. माझ्या जुन्या स्प्रिंगेला त्याच वीस मिमीला २९ लागले होते. म्हणजे १.८५ किलो प्रति मिमी, १.६२ ने गुणलं की चाकापाशी ३. वहीतला आकडा समोर काट्यावर उमटलेला पाहून फार बरं वाटलं.

चाचा सगळं बघत होते. म्हणाले, "स्प्रिंग तर झाली. आता रॉड दाबून बघा, हाताला सांगतंय ते." स्प्रिंग नसलेला शॉकअप त्यांनी जमिनीला टेकवून दाबला आणि हात सैल सोडला, रॉड सावकाश, एका गतीने वर आला, कुठेही झटका नाही. मग माझा जुना. पहिला बोटभर भाग रिकामाच, तेलाचा काही प्रतिकार नाही, मग एकदम घट्ट. "ह्यो पोकळ भागच तुमच्या अम्मीला लागतोय," ते म्हणाले.

३३० चा जोड घेतला.

२९ डिसेंबर, रविवार

बसवले. वरच्या बोल्टला बुशचं (बोल्टभोवतीच्या नळीचं) भोक दोन मिमी मोठं होतं, लेथवाल्याने पितळेची बाही करून दिली. नवी स्प्रिंग जाड असल्याने डावीकडे चेनकव्हर आणि साडीगार्ड दोन्ही तपासले. साडीगार्डची वरची पट्टी स्प्रिंगेपासून जेमतेम तीन मिमी होती, पूर्ण दबल्यावर घासली असती. पट्टीचा ब्रॅकेट वॉशर घालून बाहेर घेतला. काही जण अशा वेळी साडीगार्डच काढून टाकतात. ते करू नये. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण, धरायला हँडल आणि फूटरेस्ट, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाने सक्तीचं आहे. पदर चाकात जाणं म्हणजे काय, हे सोलापुरात कोणाला समजावून सांगायला नको.

शॉकअप काढलेले होते तेव्हाच चिमटा धरून डावी-उजवीकडे हलवून पाहिला. किंचित खेळ आहे. बुश बदलायला हवेत. एका बाजूला बसणारं माणूस चिमट्याला पीळ देत असतं, त्यामुळे हे टाळून चालणार नाही.

चेनचा ढिलेपणा दोघं बसलेले असताना पाहिला. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा खिळा आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणलेली असते, आणि डबलसीटमध्ये गाडी त्या रेषेच्या जवळ बसते. स्टँडवर ठीक दिसणारी चेन तेव्हा तंग होऊ शकते.

५ जानेवारी २०२५, रविवार

नव्या शॉकअपचा सॅग. पहिल्या खाचेवर: रिकामी ११, मी २८, दोघं ४९. चौथ्या खाचेवर: रिकामी १, मी १८, दोघं ३९.

मी एकटा असताना पहिली खाच, आई असताना चौथी. दोघांना आता ५१ मिमी उरतात, पूर्वी २८ होते. शिवाय प्रत्येक मिलिमीटर जास्त भार घेतो. हुकपाना साइड बॉक्समध्ये कायमचा ठेवला.

१४ जानेवारी

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा. होम मैदानाच्या बाजूला गाडी नेण्यात अर्थ नाही. आई चालत गेली, चालत आली, कंबर ठीक.

१९ जानेवारी, रविवार

आईला घेऊन अक्कलकोट, कुंभारी-वळसंग मार्गे. रिबाउंडची चकती पूर्ण बंद करून तिथून मागे किती टिचक्या, असं मोजायचं. घराबाहेर दोघं बसलो, भावाने सीट दाबून सोडली: गाडी वर आली, थोडी खाली गेली, थांबली. पाच टिचक्यांवर निघालो.

शहरातले स्पीडब्रेकर एकदम बदललेले. 'ठक्' नाही, मागून झोका नाही. पण पुढे रस्त्यावर लागोपाठ पांढऱ्या पट्ट्या आल्या तेव्हा आई म्हणाली, "पहिल्या पट्ट्या चांगल्या गेल्या, शेवटच्या लागल्या." एवढं नेमकं मला पुढे बसून कळलं नसतं. रिबाउंड जास्त घट्ट असला की चाक पुढच्या पट्टीच्या आधी पुरतं खाली येत नाही, शॉकअप दर पट्टीला थोडा थोडा दबलेलाच राहतो आणि शेवटी हालचाल संपते. वळसंगला चहाला थांबलो तेव्हा दोन्ही बाजूंनी दोन-दोन टिचक्या सैल केल्या. येताना त्याच पट्ट्या. "आता सगळ्या सारख्या," ती म्हणाली. सात टिचक्या नक्की केल्या.

उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आहेत, वेग पन्नासच्या वर नेला नाही. रॉडवरचं ग्रीस घरी येऊन पाहिलं: रबरापासून अंगठाभर अलीकडे थांबलेलं.

२ फेब्रुवारी, रविवार

तुळजापूर. घाटाच्या वळणांवर गाडी पूर्वी मागे बसायची आणि हँडल बाहेर जायचं, आज रेषा धरून वर गेली. उतरताना आईला मागचं हँडल घट्ट धरायला लावलं, ब्रेक लवकर आणि हळू. दोघांचं वजन थांबवायला अंतर जास्त लागतं, ते कोणताही शॉकअप कमी करत नाही.

परत आल्यावर तिने नेहमीसारखा कमरेला शेक घेतला नाही. विचारलं तर म्हणाली, "आज नको वाटलं. शेंगा भाजायच्यात, चटणी संपलीय."

९ फेब्रुवारी, रविवार

चिमट्याचे बुश बदलले, पुन्हा सॅग मोजला, फरक नाही. हेडलाईट दोघं बसलेले असताना भिंतीवर टाकून खाली घेतला. चेनकव्हरच्या आत, स्टिकरशेजारी रंगाच्या पेनने लिहिलं: एकटा खाच १, टिचक्या ९. दोघं खाच ४, टिचक्या ७.

राहिलेलं: पुढच्या फोर्कचं तेल. मे महिन्यात दुपारी अक्कलकोटहून आल्यावर गरम शॉकअपवर हेलकावा पुन्हा पाहायचा, तेव्हा सहा टिचक्या लागतील असा अंदाज आहे.